काळोखापासून दशावतारापर्यंत

आमच्या त्रैमासिकाच्या पानांवर कविता, अभंग, नाटक, कीर्तन यांची चर्चा नेहमी होते. ‘डेथ मेटल’ या पाश्चात्त्य संगीतप्रकाराची चर्चा येथे वाचावी लागेल, अशी अपेक्षा आमच्या वाचकांनी केली नसेल. तरीही हा विषय आम्ही जाणीवपूर्वक निवडला आहे. रविवारच्या मिस्साला जी तरुण मुले गायनवृंदात गिटार आणि कीबोर्ड वाजवतात, त्यांच्यापैकी काहीजण घरी कानाला यंत्र लावून हेच संगीत ऐकतात. आईवडिलांना बंद दारातून गुरगुरण्यासारखा आवाज ऐकू येतो आणि त्यांच्या मनात धास्ती निर्माण होते. या धास्तीला दोन उत्तरे दिली जातात. एक निषेधाचे, दुसरे ‘वयाचा परिणाम आहे, जाईल’ असे दुर्लक्षाचे. दोन्ही उत्तरे न ऐकता दिलेली असतात. ऐकून, तोलून, गुण आणि उणिवा सांगणारे तिसरे उत्तर समीक्षेचे असते. ते देण्याचा हा प्रयत्न आहे.

त्यासाठी आम्ही परदेशातील एखादा नामवंत संच न घेता मुंबईचा ‘डेमॉनिक रेझरेक्शन’ हा वाद्यवृंद घेत आहोत. साहिल माखिजा या तरुणाने २००० साली तो उभा केला. २००० ते २०१७ या काळात त्याचे पाच पूर्ण अल्बम निघाले: ‘डेमनस्टीलर’ (२०००), ‘अ डार्कनेस डिसेंड्स’ (२००५), ‘द रिटर्न टू डार्कनेस’ (२०१०), ‘द डेमन किंग’ (२०१४) आणि ‘दशावतार’ (२०१७). मध्यंतरी २००७ साली ‘बियाँड द डार्कनेस’ हा छोटा संचही निघाला. नावांची ही यादी वाचली तरी एक प्रवास नजरेत भरतो. आरंभी राक्षस आहे, मध्ये काळोख आहे, शेवटी पुराण आहे. हा प्रवास केवळ नावांचा आहे की नादाचाही, हा आमच्यापुढील प्रश्न आहे.

नावाचा प्रश्न

आमच्या वाचकांना या वाद्यवृंदाचे नाव प्रथम टोचेल, हे आम्ही जाणतो. पुनरुत्थान हा शब्द आमच्यासाठी ईस्टरच्या पहाटेचा शब्द आहे. त्याच्यामागे राक्षसी हे विशेषण जोडलेले पाहून भाविक मन दुखावले, तर त्यात नवल नाही. परंतु शब्द कोणत्या परंपरेतून उचलला गेला, हे पाहिले पाहिजे. युरोपात, विशेषतः नॉर्वेमध्ये, १९९० नंतरच्या काही वर्षांत या संगीताच्या ‘ब्लॅक मेटल’ या शाखेतील काही तरुणांनी ख्रिस्तद्वेष कृतीत उतरवला होता. १९९२ साली बर्गनजवळील फान्टोफ्ट येथील प्राचीन लाकडी चर्च जाळले गेले. तो इतिहास काळाकुट्ट आहे आणि त्याचे समर्थन कोणत्याही कलेच्या नावाने होऊ शकत नाही.

मुंबईत मात्र ही शब्दकळा आली ती त्या द्वेषाचे मूळ मागे ठेवून. येथे तिच्यामागे चर्चशी भांडण नव्हते. ती एका कलाप्रकाराची वेशभूषा होती. आमच्या कोकणातील दशावतारी नाटकात आरंभी संकासुर रंगमंचावर येतो, म्हणून त्या नाटकमंडळीला कोणी असुरपूजक म्हणत नाही. वेशभूषा उसनी असल्याचा आक्षेप येथे खरा आहे. ती पापी असल्याचा आक्षेप येथे लागू होत नाही. आम्ही पुढे जी समीक्षा करणार आहोत, ती या उसनेपणाचीच आहे.

या संगीताची भाषा

ज्यांनी हा प्रकार कधी ऐकला नाही, त्यांच्यासाठी त्याची भाषा थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. डेथ मेटल १९८० नंतरच्या दशकात मुख्यतः अमेरिकेत आकाराला आले. गिटारच्या तारा नेहमीपेक्षा खालच्या स्वरात लावलेल्या असतात आणि विद्युत्‌यंत्रणेने त्यांचा ध्वनी खरखरीत केलेला असतो. ड्रम वाजवणारा दोन्ही पायांनी मोठा ढोल इतक्या वेगाने वाजवतो की सुट्या ठोक्यांचा एक अखंड कंप बनतो. गायकाचा आवाज सर्वांत अधिक धक्का देणारा. तो घशाच्या खऱ्या स्वरतंतूंच्या वर असणाऱ्या, ज्यांना शरीरशास्त्रात खोटे स्वरतंतू म्हणतात, त्या घड्यांना कंप देऊन काढलेला असतो. श्वासावर ताबा नसेल तर हा आवाज चार ओळी टिकत नाही आणि चुकीच्या पद्धतीने काढला तर घसा बिघडू शकतो. म्हणजे वरवर बेभान वाटणाऱ्या या ओरडण्याच्या मुळाशी रियाज आहे.

‘प्रोग्रेसिव्ह’ या विशेषणाचा अर्थ असा की काही कलावंतांनी या कठोर भाषेत दीर्घ आणि गुंतागुंतीची रचना आणली. अमेरिकेतील ‘डेथ’ या वाद्यवृंदाचे चक शुल्डिनर यांनी ‘ह्यूमन’ (१९९१) आणि ‘सिंबॉलिक’ (१९९५) या अल्बममधून केवळ मृत्यूची वर्णने सोडून माणसाच्या मनाकडे मोर्चा वळवला. २००१ साली शुल्डिनर यांचे अकाली निधन झाले. ‘सिनिक’ या संचाने १९९३ च्या ‘फोकस’मध्ये जाझ संगीताची हळुवार अंगे मिसळली. स्वीडनच्या ‘ओपेथ’ने १९९५ पासून गुरगुरणारा आणि निर्मळ असे दोन आवाज एकाच गीतात समोरासमोर उभे केले. याच ओपेथने २००३ च्या ‘डॅम्नेशन’मध्ये गुरगुर पूर्ण वर्ज्य केली, २०११ पासूनच्या चार अल्बममध्ये ती टाकून दिली आणि २०२४ च्या ‘द लास्ट विल अँड टेस्टामेंट’मध्ये पुन्हा जवळ केली. एखादा आवाज सोडण्यासाठी आणि पुन्हा घेण्यासाठी कारण लागते. ज्या कलेत असे कारण शोधले जाते, तिला केवळ गोंगाट म्हणता येणार नाही.

सोलापूरकरांच्या कानाला ही भाषा वाटते तितकी परकी नाही, असेही आम्हांला सुचवायचे आहे. या गावाने पिढ्यान्‌पिढ्या यंत्रमागांचा खडखडाट ऐकला आहे. मागाच्या कारखान्यात शिरणाऱ्या पाहुण्याला कानठळ्या बसतात. विणकराला मात्र त्याच आवाजात एक धागा तुटल्याचे कळते. गोंगाटात रचना ऐकण्याची सवय लागते, ती अशी. जत्रेतील हलगीचा तापलेला कडकडाट, तुळजापूरच्या वाटेवर गोंधळ्याच्या संबळाचा वाढत जाणारा वेग आणि त्या वेगावर फाटत जाणारा त्याचा गळा, या सर्वांत मधुर स्वराची अपेक्षा कोणी करीत नाही. तेथे आवाजाने अंगावर काटा यावा, हीच अपेक्षा असते.

स्वरांच्या बाबतीतही हेच सांगता येईल. षड्ज आणि तीव्र मध्यम यांमधील अंतराला पाश्चात्त्य परंपरेत सैतानाचे स्वरांतर म्हटले गेले. मध्ययुगात ख्रिस्तसभेने ते वर्ज्य ठरवले होते अशी दंतकथा मेटलच्या चाहत्यांत मोठ्या अभिमानाने सांगितली जाते. संगीताच्या इतिहासात अशा बंदीचा पुरावा नाही. तोच तीव्र मध्यम आमच्या यमनात संध्याकाळची प्रसन्नता घेऊन येतो. मेटलचे गिटारवादक भीती निर्माण करण्यासाठी जी सप्तके वारंवार वापरतात, त्यांतील एकाचे स्वर आमच्या भैरवीचे आहेत. आणि भैरवीने आम्ही मैफलीची शांत सांगता करतो. भय किंवा शांती स्वरांत आधीच भरलेली नसते. स्वर कसा लावला, कोठे ठेवला, त्याच्यामागे काय आहे, यावर ती ठरते. हे ध्यानात ठेवून आता आपण अल्बमकडे वळू.

उसना काळोख

पहिला अल्बम ‘डेमनस्टीलर’ हा विशीच्या आसपासच्या मुलांचा आहे आणि तो तसाच ऐकावा लागतो. ध्वनिमुद्रण कच्चे आहे. कीबोर्डचे थर गिटारवर पसरले आहेत आणि युरोपातील आवडत्या वाद्यवृंदांचे ऋण प्रत्येक वळणावर दिसते. त्या काळी मुंबईत या प्रकारचे ध्वनिमुद्रण करणारा जाणकार तंत्रज्ञ, छापणारी कंपनी, विकणारे दुकान यांपैकी जवळजवळ काहीच उपलब्ध नव्हते. रॉक संगीताच्या मैफलींत दुसऱ्यांची गाजलेली गीते हुबेहूब वाजवणे हीच कर्तबगारी मानली जात होती. अशा वातावरणात स्वतःची गीते रचून अल्बम काढणे, हेच या कृतीचे पहिले मूल्य. नवकवीचा पहिला संग्रह जसा पूर्वसूरींच्या सावलीत असतो आणि तरीही त्याचे प्रकाशन टाळता येत नाही, तसे हे आहे.

२००५ च्या ‘अ डार्कनेस डिसेंड्स’मध्ये हात स्थिरावलेला दिसतो. कीबोर्डने उभा केलेला वाद्यमेळाचा आभास, त्याखाली वेगवान ड्रम, आणि गुरगुरण्याच्या मधोमध येणारी निर्मळ गळ्याची धृपदे, ही या संचाची ओळख येथे ठरली. माखिजा एकटेच दोन्ही आवाजांत गातात, ही महत्त्वाची गोष्ट आहे. एकाच माणसाच्या घशातून दोन माणसे बोलतात. एक जो कोसळला आहे आणि एक जो त्याच्याकडे पाहत आहे. आरंभी हा भेद केवळ चवीपालटासाठी वापरला जातो. कडव्याला कठोर आवाज, धृपदाला गोड आवाज. हे सूत्र लवकरच अंगवळणी पडते आणि श्रोत्याला पुढचे वळण आधीच कळू लागते. तरी बीज पडलेले आहे.

याच काळात माखिजा यांनी ‘डेमनस्टीलर रेकॉर्ड्‌स’ ही स्वतःची प्रकाशनसंस्था चालवली आणि इतरही भारतीय वाद्यवृंदांचे संगीत प्रकाशात आणले. आमच्या समाजातील वाचकांना यात ओळखीचे काही सापडेल. मोठ्या प्रकाशकांनी न विचारलेल्या लेखकांनी स्वतःच छापखाना आणि अंक उभा करावा, वर्गणीदार शोधावेत, हीच आमच्या नियतकालिकांचीही कहाणी आहे.

२०१० चा ‘द रिटर्न टू डार्कनेस’ हा काळोखाच्या मालिकेचा शेवट. त्याच वर्षी ब्रिटनमधील ‘मेटल हॅमर’ मासिकाच्या पुरस्कारांत या संचाला जागतिक मेटलसाठीचा सन्मान मिळाला. वीरेंद्र कैथ यांचे ड्रम येथे केवळ वेग दाखवीत नाहीत. ते वाक्याला विरामचिन्हे देतात. गीते दीर्घ झाली आहेत. एक कल्पना मांडायची, तिला बाजूला ठेवायचे, दुसऱ्या वाटेने फिरून पुन्हा तिच्याकडे यायचे, ही प्रोग्रेसिव्ह रचनेची शिस्त येथे प्रथम मनावर ठसते. विशेषतः शेवटचे ‘ओमेगा, आय’ हे दीर्घ गीत ऐकताना कोठे घाई नाही. आल्फा आणि ओमेगा हे आमच्या उपासनेतील शब्द; प्रकटीकरणाच्या पुस्तकातून जगभरच्या भाषांत गेलेले. गीतकाराने ते श्रद्धेने घेतलेले नाहीत, परंतु अंताची जी व्याप्ती त्या शब्दात आहे, ती त्याला हवी होती, हे उघड आहे.

आता काळोखाविषयी थोडे. तीन प्रकाशनांच्या नावांत काळोख असावा आणि तो कोणाचा, कशामुळे, हे मात्र नीटसे कळू नये, ही या मालिकेची मोठी उणीव आहे. तेथे युद्धे आहेत, योद्धे आहेत, सूड आहे, रोगराईचा स्वामी आहे. सारे एका काल्पनिक प्रदेशातले. स्तोत्रसंहितेतील विलापगीते ज्यांनी वाचली आहेत, त्यांना काळोख अपरिचित नाही. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर सांत्वनाच्या एका शब्दाशिवाय काळोखाच्या उल्लेखापाशीच थांबते, आणि ख्रिस्तसभेने ते आपल्या प्रार्थनेतून काढून टाकलेले नाही. पण तेथे काळोखात उभा असलेला माणूस आपले मित्र गेल्याचे, आपले डोळे शिणल्याचे सांगतो. त्याला पत्ता आहे. या अल्बममधील काळोखाला पत्ता नाही. मुंबईसारख्या शहरात राहणाऱ्या तरुणाला जो काळोख रोज भेटत असेल, लोकलच्या गर्दीतला, पुरातला, बॉम्बस्फोटांनंतरचा, त्याची सावलीसुद्धा येथे पडत नाही. नाद प्रगल्भ झाला, दुःख उसनेच राहिले, असा आमचा अभिप्राय आहे.

कथा आणि शिस्त

‘द डेमन किंग’ हा २०१४ चा अल्बम ‘कँडललाइट’ या ब्रिटिश संस्थेने प्रसिद्ध केला. येथे एका राक्षसराजाच्या उदयाची सलग कथा आहे. कथा मिळताच संगीताला आवर बसला, हे लक्षणीय आहे. पूर्वीची पाल्हाळिकता कमी झाली, गिटारची वाक्ये आखूड आणि धारदार झाली, कीबोर्डचा गालिचा गुंडाळून ठेवलेला नाही, पण त्यावर पाय कमी पडतात. दोन आवाजांचे विभाजनही आता धृपद-कडव्यापुरते राहत नाही. कथेत कोण बोलत आहे, त्याप्रमाणे आवाज बदलू लागतो. कीर्तनकार एकटाच उभा राहून राजा, प्रधान आणि भक्त यांची संभाषणे करतो, तेव्हा तो केवळ गळा बदलत नाही. प्रसंगाचे नैतिक पारडेही हलवतो. त्या कौशल्याची पहिली खूण आम्हांला येथे दिसते.

मात्र कथा म्हणून ती सपाट आहे. सत्तेचा लोभ, विध्वंस आणि सिंहासन या तीन पायऱ्यांपलीकडे राक्षसराजाच्या अंतरंगात उतरण्याची संधी घेतलेली नाही. रावणाची, बळीची, हिरण्यकश्यपूची कथा ज्या भूमीत लहान मुलेही जाणतात, त्या भूमीतील श्रोत्याला हा निनावी राजा पुरत नाही. कदाचित कलावंतांनाही तो पुरला नसावा. पुढच्या अल्बमने त्याची साक्ष दिली.

पुराण आणि त्याचा साचा

२०१७ च्या ‘दशावतार’मध्ये दहा गीते आहेत आणि मत्स्यापासून कल्कीपर्यंत एकेका अवताराला एकेक गीत दिले आहे. शब्द इंग्रजी आहेत. सतार, तबला यांसारखी भारतीय वाद्ये गिटार आणि ड्रमच्या शेजारी येऊन बसली आहेत. पूर्वी कीबोर्ड जे काम करीत असे, त्याचा बराच भार आता या वाद्यांवर आहे. परंपरेने जवळचा असलेला विषय इतक्या विस्ताराने मेटलमध्ये आणण्याचा हा महत्त्वाकांक्षी प्रयत्न होता. तो अगदी पहिला मात्र नाही. सिंगापूरच्या ‘रुद्र’ या तमिळ मुळाच्या वाद्यवृंदाने २००५ ते २०११ या काळात ‘ब्रह्मविद्या’ या तीन अल्बमांतून उपनिषदांचा विचार डेथ मेटलमध्ये मांडला होता.

येथे आम्हांला फादर स्टीफन्स यांचे स्मरण होते. १५७९ साली गोव्यात आलेल्या या इंग्रज जेज्वीट धर्मगुरूने ‘ख्रिस्तपुराण’ लिहिले. ते १६१६ साली राचोल येथे रोमन लिपीत छापले गेले. त्यांनी बाहेरची कथा घेतली आणि तिला येथला साचा दिला. डेमॉनिक रेझरेक्शनने नेमके उलट केले. कथा येथली घेतली, साचा बाहेरचा ठेवला. दोन्ही उद्योगांना एकच कसोटी लावता येते: कथा आणि साचा यांनी एकमेकांना बदलले का?

स्टीफन्स यांच्या बाबतीत उत्तर निःसंशय होकारार्थी आहे. त्यांनी बायबलच्या कथेवर मराठी शब्दांची झूल घातली नाही. ओवीच्या चालीने त्यांच्या कथनाचा श्वास ठरवला. पुराणातील श्रोत्याने प्रश्न विचारावा आणि वक्त्याने उत्तर द्यावे, ही रीत त्यांनी स्वीकारली, आणि त्यामुळे निरूपणाला संवादाचे रूप आले. उपमा येथल्या झाडाफुलांच्या झाल्या. अकरा हजारांच्या आसपास ओव्या लिहिल्यावर तो साचा त्यांच्या विचाराचा सांगाडा बनला होता.

‘दशावतार’च्या बाबतीत उत्तर इतके सरळ नाही. काही ठिकाणी साचा आणि कथा यांची विलक्षण गाठ पडते. नृसिंहाचेच पाहा. जो मनुष्य नाही आणि पशूही नाही, जो दिवसा येत नाही आणि रात्रीही येत नाही, तो कोणत्या आवाजात बोलेल? गुरगुरणारा गळा माणसाचा आहे आणि माणसाचा वाटत नाही. या अवतारासाठी त्याहून समर्पक आवाज मिळणे कठीण. जो आवाज सतरा वर्षे केवळ प्रकाराचा नियम म्हणून वापरला जात होता, त्याला येथे प्रथमच अर्थाचे कारण मिळाले. परशुरामाच्या संहाराला आणि कल्कीच्या प्रलयाला हा वेग शोभतो. अशा ठिकाणी आम्हांला वाटते की या संगीताने पुराणातील एक असे अंग पुढे आणले जे आमच्या गोड चालींच्या भक्तिगीतांनी झाकून टाकले होते. पुराणे भयानकही आहेत. रक्ताचा वास त्यांत आहे. कॅलेंडरवरील गुळगुळीत चित्रांमुळे आपण ते विसरतो.

परंतु दहाही अवतारांसाठी माप जवळजवळ एकच आहे, ही या अल्बमची मर्यादा आहे. मत्स्याचे रक्षण, कूर्माचे धारण, वामनाची याचना, कृष्णाचे गोपालन, या साऱ्यांना एकाच घनतेच्या भिंतीसमोर उभे केले जाते. कूर्म हा तर स्थिरतेचा अवतार. मंथन वर चालते आणि तो तळाशी सोसत असतो. संथपणाची परंपरा मेटलमध्येही आहे; ‘डूम’ नावाची तिची शाखा मंद लयीतच बोलते. त्या लयीचा आधार येथे अधिक धैर्याने घेता आला असता. सतार आणि तबला यांचेही असेच. ती वाद्ये वातावरण निर्माण करतात, दाराला तोरण बांधावे तशी. घराची तुळई मात्र गिटारचीच आहे. रागाने चलन ठरवावे, तालाच्या आवर्तनाने गिटारच्या वाक्याची लांबी ठरवावी, समेवर येण्याची ओढ ड्रमने निर्माण करावी, असे घडले असते तर साचा आतून बदलला असता.

नवव्या अवताराविषयी स्वतंत्रपणे लिहिले पाहिजे. येथे गौतम बुद्धाला स्थान दिले आहे. यादी परंपरागत आहे, हे खरे. परंतु महाराष्ट्रात ती यादी इतकी निरुपद्रवी नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९५६ साली नागपूर येथे दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत बुद्ध हा विष्णूचा अवतार असल्याचे स्पष्टपणे नाकारले आहे. लक्षावधी लोकांसाठी तो नकार स्वाभिमानाचा पाया आहे. दुसरीकडे आमच्याच जिल्ह्यातील पंढरपूरचा विठ्ठल जुन्या पंचांगांच्या दशावतार चित्रांत नवव्या स्थानी, बुद्धाच्या जागी, उभा असलेला आढळतो. रा. चिं. ढेरे यांनी ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ या ग्रंथात या संबंधांचा साक्षेपाने शोध घेतला आहे. एकाच स्थानावर एकीकडे सामावून घेण्याची इच्छा, दुसरीकडे सामावले जाण्यास ठाम नकार, आणि तिसरीकडे कटीवर हात ठेवून उभा असलेला विठ्ठल. एवढे नाट्य ज्या स्थानी आहे, तेथे अल्बम केवळ यादीतला पुढचा क्रमांक घेऊन जातो. मुंबईच्या कलावंतांना ही संधी जवळच उपलब्ध होती. तेथे थांबले असते तर या अल्बमला समकालीन महाराष्ट्राचा स्पर्श झाला असता, आणि काळोखाला जो पत्ता मिळाला नव्हता, तोही कदाचित मिळाला असता.

समकालीनतेची ही ओढ माखिजा यांच्यात नव्हती असे नाही. ‘डेमनस्टीलर’ या आपल्या टोपणनावाने ते स्वतंत्र अल्बम काढतात. त्यांतील २०२३ च्या ‘द प्रोपगंडा मशीन’ या अल्बमचे नावच सांगते की कल्पित राक्षसांकडून दृष्टी आता आजूबाजूच्या सार्वजनिक जीवनाकडे वळली आहे. तोच आवाज, तोच वेग. पण राग कशाचा आहे, हे श्रोत्याला कळते. या दृष्टीने ‘दशावतार’ हा प्रवासातील मुक्काम मानावा, शेवट मानू नये.

आमच्या अंगणातील प्रश्न

‘हे सर्व त्या वाद्यवृंदापुरते असेल, आमचा त्याच्याशी काय संबंध?’ असे कोणी विचारील. आमच्या मते संबंध फार जवळचा आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेवरील आपल्या दस्तऐवजात लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरेला योग्य मान देण्याचे सांगितले. त्यानंतर आमच्या चर्चमध्ये तबला आला, पेटी आली, टाळ आले. या गोष्टी आनंदाच्या आहेत. पण जी चाल मुळात इंग्रजी स्तोत्राची, तिच्याखाली तबल्याचा ठेका धरला म्हणजे ती मराठी झाली का? ‘दशावतार’मधील सतारीला आम्ही तोरण म्हटले, आमच्या अनेक गीतांतील तबल्याला काय म्हणावे? रेव्हरंड ना. वा. टिळक यांच्या पदांकडे पाहिले की फरक कळतो. अभंगाचा छंद, भजनाची आळवणी आणि ख्रिस्तभक्ती यांच्यातील सांधा तेथे बोटाने दाखवता येत नाही. कथा आणि साचा यांनी एकमेकांना बदलले का, ही कसोटी आम्ही दुसऱ्यांना लावतो तेव्हा तिचा रोख आपल्याकडेही वळतो.

सोलापूर हे मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू बोलणाऱ्यांचे गाव. येथे परकेपणा मोजण्याची सवय कोणाला फार काळ परवडत नाही. व्हायोलिन आणि गिटारही एकेकाळी परकीच होती. गोव्यातील चर्चच्या शाळांत ती शिकलेल्या वादकांनी पुढे हिंदी चित्रपटसंगीताचा वाद्यमेळ घडवला आणि आज त्या नादाला कोणी परका म्हणत नाही. एखादा नाद आपला होतो, तो त्याने आपले काहीतरी सांगितल्यावर. डेमॉनिक रेझरेक्शनच्या पाच अल्बमांचा हिशेब आम्ही असा मांडू: पहिल्या चारांनी भाषा कमावली, पाचव्याने त्या भाषेत आपली कथा सांगण्यास प्रारंभ केला, आणि दहांपैकी काही गीतांत ती भाषा आणि ती कथा खरोखर भेटली. सतरा वर्षांच्या श्रमाचे हे फळ लहान नाही, आणि त्यात समाधान मानावे इतके मोठेही नाही.

ज्या घरात बंद दारामागून हा आवाज येतो, त्या घरातील वडीलमंडळींना आमची एक विनंती आहे. दार ठोठवावे आणि नृसिंहाचे गीत ऐकवण्यास सांगावे. ते आवडेलच असे नाही. परंतु त्यानंतर मुलाशी जे बोलणे होईल, ते धास्तीतून होणार नाही. आणि त्या मुलांना आमचे सांगणे एवढेच की हातात गिटार आहे, गळ्यात बळ आहे, रियाजाची तयारी आहे. आता आपल्या गावचा काळोख आणि आपल्या गावचा उजेड कोठे आहे, तेही शोधावे. तो शोध लागला तर पुढील अल्बमविषयी लिहिण्यास आमची पाने मोकळी आहेत.